सातारा-सांगलीची हरणे आणि शिकाऱ्याची लिव्हर रायफल

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक जुन्या वाड्यांच्या सोप्यात आजही भिंतीवर सांबराची शिंगे टांगलेली आढळतात. त्यांच्या शेजारच्या खुंटीवर एके काळी बंदूक असे. ती बंदूक आता बहुधा पोलीस ठाण्यात, परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा कुलूपबंद कपाटात असते. शिंगे मात्र जागेवरच आहेत. ज्या हत्याराने ही शिकार झाली, ज्या कायद्याने तिला परवानगी दिली आणि ज्या कायद्याने पुढे ती बंद केली, त्यांचा इतिहास फारसा कोणाला ठाऊक नसतो. वारसाने आलेली शिंगे आणि शस्त्रे अजूनही घरात असल्याने हा इतिहास केवळ कुतूहलाचा उरत नाही. त्याला कायदेशीर बाजूही आहे.

सारंग आणि कुरंग

बोलीभाषेत आपण अनेक प्राण्यांना सरसकट ‘हरीण’ म्हणतो. वन विभागाच्या शासकीय मराठीत मात्र ‘सारंग’ आणि ‘कुरंग’ असे दोन वर्ग केले जातात. सारंगांची शिंगे भरीव व फांद्यांची असतात आणि ती ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. नव्या शिंगांवर प्रारंभी मखमलीसारखी त्वचा असते. सांबर, चितळ आणि भेकर हे सारंग होत. कुरंगांची शिंगे पोकळ असून आयुष्यभर टिकतात. काळवीट, चिंकारा आणि चौशिंगा हे कुरंगांत मोडतात. सह्याद्रीच्या दाट झाडीत राहणारे पिसोरी हे या दोहोंपेक्षा वेगळ्या कुळातले. त्याचे वजन जेमतेम तीन किलोच्या आसपास असते आणि त्याला शिंगेच नसतात.

या दोन जिल्ह्यांचा भूगोलही असाच दुभागलेला आहे. पश्चिमेला जावळी, पाटण, शिराळा हा घाटमाथ्याचा, भरपूर पावसाचा प्रदेश. तेथे सांबर आणि भेकर. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत ही दुष्काळी माळराने. ती कुरंगांची. त्यामुळे शिकारीच्या पद्धतीही वेगळ्या होत्या. झाडीत हाका घालून जनावर उठवीत आणि शिकारी दबा धरून बसे. उघड्या माळावर लांबून नेम धरावा लागे.

संस्थानांचा काळ

साताऱ्याच्या छत्रपती थोरल्या शाहू महाराजांची शिकारीची आवड प्रसिद्ध आहे. संगम माहुली येथे त्यांच्या ‘खंड्या’ कुत्र्याची समाधी दाखविली जाते. वाघापासून त्याने महाराजांचे प्राण वाचविले, अशी आख्यायिका आहे. पुढे सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले. मात्र सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थाने १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत टिकली. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात तर माणसाळविलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार होत असे, आणि दाजीपूरचे जंगल हे संस्थानचे राखीव शिकारीचे रान होते. तेच जंगल १९५८ मध्ये अभयारण्य झाले.

या काळात शिकार हा अधिकार होता, आणि तो सर्वांना सारखा नव्हता. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य भारतीयांना विनापरवाना बंदूक बाळगण्यास मनाई केली. संस्थानिक आणि गोरे अधिकारी मात्र मोकळेपणाने शिकार करीत. फासे लावून पोट भरणाऱ्या पारध्यांच्या वाट्याला गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का आला. एकाच जनावराची शिकार एकाचा मान ठरली आणि दुसऱ्याचा गुन्हा.

लिव्हर रायफल म्हणजे काय?

हरणाच्या शिकारीसाठी जगात सर्वाधिक नावाजलेले हत्यार म्हणजे अमेरिकन लिव्हर रायफल. ‘काउबॉय’ चित्रपटांमुळे ती आपल्याकडेही परिचित आहे. घोड्याभोवती असलेली कडी हाच तिचा लिव्हर. तो खाली ओढला की रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि नवे वर उचलले जाते. लिव्हर पुन्हा वर घेतला की काडतूस नळीत बसून रायफल सज्ज होते. खांद्यावरून हत्यार न काढता दुसरा बार काढता येतो, हा तिचा मोठा गुण.

१८६० च्या दशकात हेन्री आणि स्पेन्सर या रायफलींनी या तंत्राचा पाया घातला. १८७३ च्या विंचेस्टरने ते घरोघरी पोहोचविले. त्यानंतर जॉन ब्राउनिंग या कल्पक शस्त्रकाराने आरेखिलेले १८९४ चे विंचेस्टर मॉडेल आले. पाठोपाठ बिनधुराच्या दारूचे ‘थर्टी-थर्टी’ काडतूस मिळताच हरणाची रायफल म्हणजे हीच, असे समीकरण अमेरिकेत रूढ झाले. सुमारे तीन किलो वजन, आखूड नळी आणि दाट झाडीत शे-दीडशे मीटरवर भरवशाचा नेम हे तिचे बलस्थान होते. २००६ मध्ये न्यू हेवन येथील कारखाना बंद झाला, तोवर या मॉडेलच्या ७० लाखांहून अधिक रायफली तयार झाल्या होत्या.

तिला मर्यादाही होत्या. काडतुसे नळीखालच्या लांबट पोकळीत एकामागोमाग एक बसत. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकून स्फोट होण्याची भीती असल्याने गोळीचे टोक चपटे ठेवावे लागे. चपटी गोळी हवेत लवकर मंदावते, म्हणून लांब पल्ल्याला ती कमी पडे. १८९५ च्या विंचेस्टरने काडतुसांसाठी पेटी देऊन ही अडचण दूर केली. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ मध्ये आफ्रिकेच्या शिकार मोहिमेवर हीच रायफल .४०५ बोअरमध्ये नेली होती.

आपल्याकडे ती का रुजली नाही?

भारतातील शिकारीवर इंग्लंडचा ठसा होता. ऐपतदार शिकाऱ्याकडे लंडन किंवा बर्मिंगहॅमची दुनळी रायफल असे. इतरांकडे माउझर वा मॅनलिकर पद्धतीची, खटक्याने मागे-पुढे होणाऱ्या बोल्टची रायफल असे. येथील रानात हरणाच्या मागावर निघालेल्याची गाठ वाघाशी किंवा गव्याशी पडण्याची शक्यता असे, आणि त्यासाठी ‘थर्टी-थर्टी’ अपुरी होती. काडतुसांचा पुरवठा हाही प्रश्न होता.

त्यात सरकारी धोरणाची भर पडली. लष्कराच्या बोअरची काडतुसे जनतेच्या हाती जाऊ नयेत म्हणून .३०३ सारखे बोअर खासगी वापरास निषिद्ध ठरले. त्यातूनच .३१५ बोअरची रायफल भारतात स्थिरावली. स्वातंत्र्यानंतरही सरकारी आयुध कारखान्याने ती तयार केली, आणि परवानाधारकांच्या घरी आजही तीच अधिक दिसते.

तरीही लिव्हर रायफलीने दक्षिण भारतात एक ठळक नाव मागे ठेवले आहे. बंगळूरचे शिकारी-लेखक केनेथ अँडरसन (१९१०-१९७४) यांची आवडती रायफल .४०५ बोअरची विंचेस्टर होती. नरभक्षक वाघ-बिबट्यांच्या त्यांच्या कथा जगभर वाचल्या गेल्या.

परवान्याचे युग

स्वातंत्र्यानंतर शिकारीचा मान गेला आणि परवाना आला. १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य पशू-पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. त्याच सुमारास पीकसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने देण्यात आले आणि जीपगाडी खेडोपाडी पोहोचली. रात्री प्रखर दिव्याच्या झोतात स्तब्ध उभे राहणारे हरीण टिपण्यास कौशल्य लागत नव्हते. संस्थानी राखीव रानांचा धाक संपला होता आणि नव्या कायद्याचा बसायचा होता. या दोन-तीन दशकांत देशभर हरणांची संख्या झपाट्याने घटली.

शिकाऱ्यांच्या मनातही बदल होत होता. आटपाडी तालुक्यातील माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) हे त्याचे मराठीतील ठळक उदाहरण. शिकारीचा छंद असलेला हा लेखक पुढे नागझिऱ्यासारख्या जंगलात मुक्काम ठोकून प्राण्यांचे निरीक्षण करू लागला. त्यातून मराठीला जंगलाविषयीचे उत्तम ललित लेखन मिळाले.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सरसकट बंदी घातली नव्हती, हे अनेकांना ठाऊक नसते. मूळ कायद्यात चितळ, सांबर आणि भेकर यांच्या शिकारीसाठी परवान्याची सोय होती. तिला अटी होत्या. वाहनातून शिकार करू नये, कृत्रिम प्रकाश वापरू नये, पाणवठ्यावर दबा धरू नये, मखमली शिंगांचे हरीण मारू नये, अशी ती नियमावली होती. अमेरिकेत आजही हंगाम आणि परवाना यांच्या चौकटीत हरणाची शिकार चालते. आपल्याकडेही तशी चौकट कागदावर होती. ती राबविण्याइतकी यंत्रणा आणि शिकार सोसण्याइतकी हरणे मात्र उरली नव्हती. अखेर १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने बंद झाले.

आजचा कायदा

२०२२ च्या दुरुस्तीने कायद्याच्या परिशिष्टांची फेररचना झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानुसार सांबर पहिल्या परिशिष्टात, तर चितळ दुसऱ्या परिशिष्टात आहे. पहिल्या परिशिष्टातील प्राण्याची शिकार केल्यास किंवा अभयारण्य अथवा राष्ट्रीय उद्यानात कोणतीही शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड होतो. गुन्ह्यात वापरलेले शस्त्र आणि वाहनही सरकारजमा होते.

घरात वारसाने आलेल्या वस्तूंबाबत वाचकांनी पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात. शिंगे किंवा कातडे बाळगण्यासाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते. अघोषित वस्तू जाहीर करण्यासाठी केंद्र सरकारने एप्रिल २००३ मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. ती केव्हाच उलटली आहे. प्रमाणपत्र असलेली वस्तू वारसाकडे जाऊ शकते, विकता येत नाही. कागदपत्रे सापडत नसतील तर वस्तू लपविण्यापेक्षा उपवनसंरक्षक कार्यालयाशी संपर्क साधणे शहाणपणाचे.

रायफलीचेही तसेच. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर वारसाने शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. परवानाधारकाचे वय ७० झाल्यावर किंवा त्याने शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर हयातीतच वारसाकडे हस्तांतराचा अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकास सर्वसाधारणपणे दोनच शस्त्रे ठेवता येतात. याशिवाय अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वन्यजीव विभागाकडे नोंदविणे बंधनकारक आहे. त्या परिघात नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या संमतीशिवाय मिळत नाही. कोयना, चांदोली आणि सागरेश्वरच्या आसपासच्या गावांना ही तरतूद थेट लागू पडते.

हरणांची परतफेड

बंदीनंतरचे चित्र या दोन जिल्ह्यांत पाहण्यासारखे आहे. सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे केवळ १०.८७ चौरस किलोमीटरचे अभयारण्य. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांच्या पुढाकाराने उजाड डोंगरावर झाडी उभी राहिली, त्यात हरणे सोडण्यात आली आणि १९८५ मध्ये अभयारण्य घोषित झाले. तेथे हरणे इतकी वाढली, की ती कुंपण ओलांडून भोवतालच्या उभ्या पिकांत शिरू लागली. पश्चिमेला कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे क्षेत्र बफरसह १,१६५ चौरस किलोमीटरच्या घरात आहे. वाघ टिकायचा तर त्याला भक्ष्य हवे. म्हणून चितळे चांदोलीत सोडण्याचे काम वन विभागाने हाती घेतले. २०२५ मध्ये ताडोबाची वाघीणही येथे आणण्यात आली.

ज्याच्या ऊस-शाळूचे नुकसान होते त्या शेतकऱ्याला मात्र हे यश महागात पडते. हरणांनी केलेल्या पीकहानीसाठी शासन भरपाई देते. त्यासाठी तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे तक्रार करून पंचनामा करून घ्यावा लागतो. विभागाची १९२६ ही मदतवाहिनीही आहे. पंचनाम्यास होणारा विलंब आणि हाती पडणारी तुटपुंजी रक्कम यांमुळे नाराजी वाढते, आणि त्या नाराजीतूनच कोणी बांधावर फासा लावतो, कोणी कुंपणात वीज सोडतो. अशा फाशाला नर-मादी, पाडस-मोठे हा भेद कळत नाही. वीजप्रवाहात तर माणसाचाही बळी जातो.

शिकाऱ्याची रायफल आता कपाटात गेली आहे आणि ती तेथेच राहील, यात शंका नाही. सातारा-सांगलीतील हरणांचे भवितव्य यापुढे बांधावर ठरणार आहे. भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली, तर शेतकरी हरणाला सोसेल. न मिळाल्यास केवळ शिक्षेच्या धाकावर कायदा किती काळ टिकेल, हा खरा प्रश्न आहे.