मास्टर दीनानाथांची शिकवणी

दिवाळी झाली की आमच्या गोंदिया जिल्ह्यात गावोगाव मंडई भरू लागते. दिवसा दंडार आणि रात्री नाटक. वडशाकडच्या मंडळ्या येतात, मोकळ्या बांधीत मंडप पडतो आणि गावकरी पोराबाळांसह पहाटेपर्यंत हलत नाहीत. पुण्यामुंबईकडे संगीत नाटकाचा बहर केव्हाच ओसरला. आमच्या झाडीपट्टीत पात्र अजून रंगमंचावर येऊन पद म्हणते आणि बापाच्या मांडीवरची पोर डोळे ताणून ते ऐकते. नाटक कंपनीत वाढलेल्या एका मुलीची आणि तिच्या वडिलांची हकीगत सांगावी असे म्हणूनच मनात आले. ती मुलगी म्हणजे लता मंगेशकर आणि वडील मास्टर दीनानाथ.

या हकीगतीचा एक धागा आमच्या विदर्भातूनही जातो. राम गणेश गडकरी 23 जानेवारी 1919 रोजी नागपूरजवळच्या सावनेर गावी वारले. अंगात दुखणे मुरलेले असताना शेवटच्या दिवसांत त्यांनी 'भावबंधन' नाटक पुरे केले, ते बळवंत संगीत मंडळीसाठी. ही मंडळी आदल्याच वर्षी, 1918 साली, दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी उभी केली होती. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे. 'भावबंधना'तली लतिका त्यांनी रंगवली. पुढे 28 सप्टेंबर 1929 रोजी इंदूरला मुलगी झाली. तिचे पहिले नाव हेमा. मग या लतिकेवरून ती लता झाली. बापाने रंगभूमीवर वागवलेले स्त्रीचे नाव लेकीला मिळावे, असे भाग्य फार थोड्या मुलींचे!

घर सांगलीला. घरात सकाळसंध्याकाळ शिष्यांचा राबता. अमरावतीच्या वीर वामनराव जोशांचे 'रणदुंदुभी', सावरकरांचे 'संन्यस्त खड्ग' अशा नाटकांतली पदे ज्या घरात उठताबसता कानावर पडत, तिथे मुलीला वेगळे काय शिकवायचे? खरे तर दीनानाथांनी तिला मुद्दाम काही शिकवलेच नव्हते. एके दिवशी ते एका शिष्याला पूरिया धनाश्री देऊन कामासाठी बाहेर गेले. हा शिष्य म्हणजे पुढे नट म्हणून नावारूपाला आलेले चंद्रकांत गोखले. ते घोकत बसले. बाहेर खेळणारी पाचसहा वर्षांची लता आत आली आणि हे असे नव्हे, बाबा असे म्हणतात, असे सांगून तिने ती जागा गाऊन दाखवली. तेवढ्यात बाबा परतले होते. त्यांनी ते ऐकले आणि घरातच गवई असताना आपण बाहेरच्यांना शिकवीत बसलो, अशा अर्थाचे ते माईंना म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवून त्यांनी लेकीच्या हाती तंबोरा दिला. आरंभ त्याच रागाने झाला. राग सायंकाळचा आणि शिकवणी सकाळची. पण घरच्या शाळेत असे चालायचेच.

मी वीस वर्षे खडू हाती धरून वर्गात उभा आहे, आणि या गोष्टीत मला मौज वाटते ती मुलीच्या तयारीची नाही. दाराशी खेळणारे मूल काय काय टिपत असते, हे जन्मभर शिष्यांना घडविणाऱ्या माणसालाही ठाऊक नव्हते! ऐकत राहणे हीच त्या पोरीची पहिली इयत्ता होती. ती तिने कोणी न घालता पुरी केली.

बाकी आम्हां मास्तरांच्या शाळेशी तिचे जमले नाही. धाकट्या आशाला बरोबर घेऊन ती शाळेत गेली, मास्तर रागावले, ही तडक घरी आली आणि पुन्हा त्या पायरीवर चढली नाही, असे तिनेच सांगून ठेवले आहे. अक्षरे ती घरी शिकली. मास्तरांची बाजू मला कळते. वर्गात तान्हे मूल रडू लागले तर पाढे कसे म्हणवून घ्यायचे? तरीही ही हकीगत आठवली की मी वर्गात जरा हलक्या आवाजात बोलतो.

दीनानाथांची शिस्त कडक होती. घरात सिनेमाची गाणी चालत नसत; अपवाद एका सैगलचा. पण त्यांनी लेकीला जी एक गोष्ट सांगितली ती ऐकून मी थक्क झालो. शिकवणारा गुरू असो की बाप, गायला बसलीस की त्याच्याहून चांगले गायचे, असे मनात धरायचे; त्यांच्यासमोर मी कशी गाऊ, असा संकोच धरायचा नाही. आपल्याकडे गुरूच्या पायाशी बसायला शिकवणारे पुष्कळ. माझ्यापुढे जा, असे आठनऊ वर्षांच्या पोरीला सांगणारा बाप विरळा, आणि तोही कसा? भर नाटकात ज्याच्या तानेला टाळ्या पडत असा!

त्या बोलाची परीक्षाही लवकरच झाली. मनमाडच्या मुक्कामात 'सौभद्रा'चा प्रयोग लागलेला आणि नारदाचे काम करणारा नट ऐनवेळी नाही. लता म्हणाली, मी करते. अर्जुन साक्षात बाबा, आणि त्यांच्या कमरेला लागेल एवढा हा नारद! तिने पद म्हटले आणि 'वन्स मोअर' घेतला. नंतर 9 सप्टेंबर 1938 ला सोलापूरच्या थिएटरात बापलेकीची बैठक झाली. आधी ती खंबावती गायली. मग बाबा गाऊ लागले तेव्हा त्यांच्याच मांडीवर झोपी गेली. नववे वर्षही पुरे झाले नव्हते.

एव्हाना घराला उतरती कळा लागलेली होती. 1932 साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला आणि प्रेक्षक नाट्यगृहांतून उठून तिकडे गेला. बळवंत मंडळीनेही मग बोलपट काढून पाहिला, 1934 चा 'कृष्णार्जुन युद्ध'. त्यात हात पोळले. पुढे मोडकी कंपनी, कर्ज आणि ढासळती प्रकृती. सांगली सोडून कुटुंब पुण्यास आले.

आणि इथेच या बापापुढे खरा पेच पडला. 1942 च्या मार्च महिन्यात सदाशिवराव नेवरेकरांनी वसंत जोगळेकरांच्या 'किती हसाल' या चित्रपटासाठी लताचे गाणे मागितले. ज्या धंद्याने आपली रंगभूमी मोडली आणि आपल्यालाही बुडवले, त्याच धंद्यात बारा वर्षांची मुलगी धाडायची? दीनानाथांना ते रुचले नाही. नको म्हणावे तर नेवरेकर घरचे आणि गाणे एकच. अखेर नाराजीनेच त्यांनी होकार दिला. गाणे ध्वनिमुद्रित झाले. चित्रपटात मात्र ते राहिले नाही. दीनानाथ मुलीच्या वाटेत आडवे आले असते तर त्यांना कोणी दोष दिला नसता, असे मला वाटते. मनाविरुद्ध त्यांनी हो म्हटले, याचे मोल मी पूरिया धनाश्रीपेक्षा कमी मानत नाही.

महिन्याभरातच, 24 एप्रिल 1942 रोजी, पुण्यात ते गेले. वय अवघे एक्केचाळीस. मंगेशकरांच्या घरातली एक आठवण सांगतात. अखेरच्या दिवसांत त्यांनी लताला जवळ बोलावले. तुला द्यायला पैसाअडका नाही. कोपऱ्यातला तंबोरा, उशाखालची चिजांची वही आणि मंगेशाचा आशीर्वाद, एवढेच आहे, असे ते म्हणाले.

रडायला सवड नव्हती. कुटुंबाचे स्नेही मास्टर विनायक यांनी नवयुग कंपनीच्या 'पहिली मंगळागौर' या चित्रपटात तिला छोटी भूमिका आणि गाणे दिले, आणि वडील जाऊन काही दिवसच झाले असताना ती कामावर उभी राहिली. तोंडाला रंग फासून प्रखर दिव्यांसमोर अभिनय करणे तिला मुळीच आवडत नसे, हे तिने पुढे कितीदा तरी सांगितले आहे. पण घरी माई होत्या, मीना, आशा, उषा या तीन बहिणी होत्या आणि हृदयनाथ अजून पाच वर्षांचाही झाला नव्हता.