कापसाचा आकडा

पांढरकवड्याच्या श्रोत्यांपुढे कापसाच्या भावावर बोलावयाचे म्हणजे कोष्ट्याला धाग्याची ओळख करून देण्यासारखे आहे. तरी आमची विनंती अशी की, हल्ली आपल्याकडील मुले मुंबई-पुण्यास, किंबहुना परदेशीही जाऊन ‘संख्यात्मक वित्तशास्त्र’ या विषयात जी एम्.एस्सी. करतात, त्या शास्त्राशी या काळ्या जमिनीतल्या पिकाचे नाते काय, ते आज ऐकून घ्यावे.

लुई बाशलिए याने १९०० साली पॅरिसला सट्ट्याच्या सिद्धांतावर प्रबंध सादर केला. सरकारी रोख्यांच्या भावाची चाल त्याने संभाव्यतेच्या गणिताने मांडली होती. पण सट्ट्याला विद्वानांच्या पंगतीत पाट कोण मांडणार? अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष त्याकडे पन्नासएक वर्षे फारसे गेले नाही.

मुंबईने तर सट्टा आधी केला. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ च्या जुलैत वायद्यांची मुदत भरली आणि पेढ्या कोसळल्या. त्या तेजीतले अग्रणी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतूनच मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा आहे! पुढे न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडते व बंद होते भाव मुंबईस तारेने येत आणि गिरणगावातला माणूस त्या आकड्यांवर पैसे लावी. १९६१ च्या सुमारास ते आकडे येणे थांबले आणि मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. मटक्याची ही कुळकथा होय.

गंमत पाहा, त्याच सुमारास बेन्वा मँडेलब्रो हा गणिती हार्वर्डला व्याख्यानास गेला होता. तेथील प्राध्यापक हाउटाकर यांच्या फळ्यावर एक आकृती होती. ती त्याला ओळखीची वाटली, कारण लोकांच्या उत्पन्नाच्या वाटणीची तशीच आकृती तो स्वतः काढून आला होता. फळ्यावरची आकृती मात्र कापसाच्या भावांची होती. त्याने ते आकडे मिळवले आणि १९६३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. भावातील मोठ्या उड्या, घंटेच्या आकाराची प्रचलित वक्ररेषा मानते त्याहून कितीतरी अधिक वेळा येतात. शेतकऱ्याला हे सांगावयास गणिती लागत नाही. पण ते सिद्ध करावयास लागतो.

आता आपल्या घरची गोष्ट. १९७२ साली महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. भाव पडला तर तोटा सरकारचा, चढला तर नफ्यात शेतकऱ्याचाही वाटा. या शास्त्राच्या भाषेत असा हमीभाव म्हणजे एक ‘विकल्प’ होय, आणि विकल्पाला किंमत असते. ती काढण्याचे ब्लॅक व शोल्स यांचे सूत्र १९७३ साली, म्हणजे योजनेनंतर वर्षानेच, छापले गेले. येथे कापसाचे वायदे तर बंदच होते. हमीची किंमत बाजारात दिसावी कशी? ती तिजोरीच्या तुटीत दिसली. शेजारच्या राज्यात भाव चढला की इकडच्या गाड्या रातोरात पैनगंगेपलीकडे जात, ही त्याची दुसरी बाजू. त्या गाडीवानांना आम्ही चोर म्हणावयास धजत नाही.

१९९४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाने या विषयाची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी काढली. तेव्हापासून असे अभ्यासक्रम जगभर वाढले. पुण्याची १९३० सालची गोखले अर्थशास्त्र संस्थाही वित्तीय अर्थशास्त्रात एम्.एस्सी. देऊ लागली. संभाव्यता, अवकल समीकरणे, संख्याशास्त्र, संगणकाची आज्ञावली असे भक्कम जेवण तेथे वाढतात. बहुतेक मुले पुढे बँकांत व शेअरबाजारात जातात. कापसाकडे परतणारा विरळा.

जो परतेल त्याला आकडे लागतील. मँडेलब्रोजवळ न्यूयॉर्कच्या भावांची दीर्घकाळची नोंद होती. केळापूर तालुक्याची नोंद आपल्या घरच्या ट्रंकांत पडली असेल. जुन्या काटापट्ट्या, चुकाऱ्याच्या पावत्या, अडत्यांच्या चोपड्या रद्दीत घालण्यापूर्वी येथील वाचनालयाला विचारून पाहावे, एवढे आमचे मागणे आहे. तारीख आणि भाव वाचता आला, की कागद फाटका असला तरी चालेल.