प्रवरेकाठचे पाणी

प्रवरेच्या तीरावर वसलेल्या बेलापूर गावी पाणी ही केवळ तहान भागविण्याची वस्तू कधीच नव्हती. कोणी कोणत्या पाणवठ्यावर जावे आणि कोणाच्या घागरीस कोणाचा स्पर्श चालावा, याची सनद कोणत्याही दफ्तरात नव्हती. तरीही गावगाड्याचा हा अलिखित कायदा सरकारी हुकुमाहून अधिक कसोशीने पाळला जाई. अशा या मुलुखात मुक्तीचे चिन्ह म्हणून मस्तकावर पाणी घेण्याचा बाप्तिस्मा हा ख्रिस्ती संस्कार आला, तेव्हा त्याचा अर्थ केवळ धर्मशास्त्राच्या पोथीपुरता राहणे शक्यच नव्हते.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे मांडले, आणि पुढे राहुरीसारख्या कसब्यांतून त्याचे काम या पट्ट्यात पसरले. १८७६ ते १८७८ या दुष्काळाच्या वर्षांनंतर महार-मांग वस्त्यांतून बाप्तिस्मा मागणाऱ्यांची रीघ लागली. त्याच सुमारास कॅथॉलिक पंथाचे जेझुइट पाद्रीही राहुरीच्या बाजूस येऊ लागले. बाप्तिस्मा मागणारा हा मनुष्य भाकरीसाठी आला की तारणासाठी, अशी शंका मिशनऱ्यांनाच पडे. परंतु ज्याला आजवर दोहोंपैकी एकही मिळाले नव्हते, त्याने या दोन भुकांची फारकत कशी करावी, हे कोणी सांगावे?

पाण्यावाचून तारण आहे काय, या प्रश्नास दोन्ही पंथांची उत्तरे सारखी नव्हती. कॅथॉलिक परंपरेत बाप्तिस्मा हे तारणाचे द्वार. म्हणूनच मरणोन्मुख अर्भकाला पाद्री हजर नसल्यास कोणीही तो द्यावा अशी तेथे मुभा आहे, आणि संस्काराची मनापासून इच्छा धरून जो त्याआधीच वारला, त्याची ती इच्छाही बाप्तिस्म्याच्या ठायी मानली जाते. अमेरिकन मिशनच्या मते मात्र तारण श्रद्धेने होते, आणि पाणी ही त्या करारावरची मोहर. खुद्द शुभवर्तमानात क्रुसावरच्या चोराला पाण्याचा थेंबही न लाभता स्वर्गाचे अभिवचन मिळाले, ही गोष्ट दोन्ही पक्षांना विचारात घ्यावीच लागते.

हा वाद ज्यांच्या संसारातून गेला ते ब्राह्मण कुळातले मराठी कवी नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर केले म्हणून कोणाचा वारसाहक्क बुडू नये, अशी तजवीज १८५० च्या एकविसाव्या कायद्याने केली होती खरी. पण पंगतीतले पान आणि घरातले माणूस राखण्याची ताकद कोणत्या कायद्यात असणार? पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, आणि १९०० साली राहुरीत त्यांचाही बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र वाचणाऱ्याच्या ध्यानात राहतो तो त्या संस्काराच्या आधीचा प्रसंग : माणसामाणसांतला भेद देवाने केला नाही अशी खात्री पटल्यावर त्यांनी सोवळे टाकले आणि परजातीच्या हातचे अन्नपाणी घेतले. दीक्षेचे पाणी मस्तकावर पडण्यापूर्वीच निषिद्ध मानलेले पाणी कंठाखाली उतरले होते.

ज्या संस्कारापायी टिळकांनी घर पणाला लावले, त्याच्याच वेशीबाहेर आयुष्याच्या अखेरीस त्यांनी पाऊल टाकावे, हे वरकरणी विपरीत वाटते. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला, आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यात मुजऱ्याचा समान मान दिला. १९१९ साली ते वारले आणि दरबार मोडला. मात्र बाप्तिस्मा क्षुल्लक होता असा या कृतीचा अर्थ नव्हे. ज्याने त्याची पुरी किंमत मोजली, त्यालाच त्या पाण्याची भिंत होऊ न देण्याचा अधिकार होता.

आज बेलापूरपासून फार दूर नसलेल्या हरेगावी सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे येशूमाता मारियेची, यात्रा भरते. तेथे जमणाऱ्या अलोट गर्दीत नवस फेडायला आलेले अन्य धर्मांचे लोकही असतात, आणि मेणबत्ती लावणाऱ्याला तुझे नाव बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आहे काय, असे कोणी पुसत नाही.