एटावा, अलीगढ, जामिया : शालेय विद्यार्थ्यांतील वक्तृत्व व नेतृत्वाच्या जडणघडणीचा इतिहास

भारतीय मुस्लिमांच्या आधुनिक शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्थांची स्थापना, इमारती, देणग्या आणि पदवीधरांची संख्या यांचाच विचार प्रामुख्याने केला जातो. या संस्थांनी मुलांना चारचौघांत बोलायला, दुसऱ्याचे ऐकून घ्यायला आणि एखादे काम अंगावर घ्यायला कसे शिकवले, हा प्रश्न मात्र मागे पडतो. वास्तविक समाजाला पुढारी मिळतात ते पदवीमुळे नव्हे, तर शालेय वयात लागलेल्या सवयींमुळे. १८७५ ते १९४७ या काळात याबाबत दोन वेगवेगळे विचार उत्तर भारतात रुजले. सभा जिंकू शकेल तो पुढारी, हा एक विचार. सोपवलेले काम तडीस नेऊन त्याचा हिशेब देईल तो पुढारी, हा दुसरा. हैदराबादेत जन्मलेल्या डॉ. झाकिर हुसेन (१८९७-१९६९) यांचे शिक्षण पहिल्या विचाराच्या छायेत झाले आणि दुसरा विचार त्यांनी स्वतः शाळेत उतरवला. त्यामुळे या इतिहासाचा धागा त्यांच्या आयुष्यातून नेमका सापडतो.

अलीगढचे युनियन

सर सय्यद अहमद खान यांनी २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरसतुल उलूम ही शाळा सुरू केली. ८ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली. शाळा आणि कॉलेज एकाच आवारात होते आणि सुरुवातीची बरीच वर्षे तेथे कॉलेजच्या तरुणांपेक्षा शाळकरी मुलांचीच संख्या अधिक होती. ही मुले वेगवेगळ्या प्रांतांतून येऊन वसतिगृहात राहत. घरच्या वडीलधाऱ्यांपासून दूर, समवयस्कांच्या सहवासात वाढणे हाच शिक्षणाचा मोठा भाग आहे, अशी सर सय्यद यांची धारणा होती. क्रिकेटचे मैदान, एकत्र जेवण, सामुदायिक नमाज आणि सभा या चारही गोष्टी त्या धारणेतून आल्या.

१८८३ मध्ये थिओडोर बेक हे चोवीस वर्षांचे इंग्रज गृहस्थ प्राचार्य म्हणून रुजू झाले. केंब्रिज युनियन या प्रसिद्ध वादसभेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले होते. त्या धर्तीवर १८८४ मध्ये अलीगढला सिडन्स युनियन क्लब स्थापन झाला. हेन्री सिडन्स या पहिल्या प्राचार्यांचे नाव त्याला दिले होते. ठराव मांडणे, त्याला विरोध करणे, ठरलेल्या वेळात बोलणे, अध्यक्षांना उद्देशून बोलणे आणि शेवटी मतदानाचा निकाल मान्य करणे, ही सर्व शिस्त तेथे पाळली जाई. जमीनदार, वकील व सरकारी नोकरांच्या घरांतून आलेल्या मुलांना ही पद्धत अगदी नवी होती. घरच्या बैठकीत वयाने मोठा असेल त्याचा शब्द अखेरचा, तर येथे ज्याचा मुद्दा पटेल त्याला मत मिळे. आपल्या विरोधात बोलणारा हा आपला वैरी नव्हे, ही जाणीव या सभागृहाने दिली आणि तिचे मोल कमी लेखता येणार नाही.

तथापि या शिक्षणाच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. युनियनचे अध्यक्षपद प्राचार्यांकडे असे. विद्यार्थ्यांतून निवडला जाई तो उपाध्यक्ष. इंग्रजीतील वक्तृत्वाला विशेष प्रतिष्ठा होती, त्यामुळे त्या भाषेत सफाई नसलेला मुलगा आपोआप मागच्या बाकावर जाई. राजकारणाच्या बाबतीत तर संस्थेची भूमिका ठरलेलीच होती. काँग्रेसला विरोध करण्यासाठी १८८८ मध्ये सर सय्यद व बेक यांनी युनायटेड इंडियन पेट्रिऑटिक असोसिएशन स्थापन केले. याच सुमारास मुंबईचे बद्रुद्दीन तय्यबजी, जे १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते, त्यांच्याशी या दोघांचा पत्रव्यवहारातून वाद झाला. म्हणजे ज्या संस्थेत मुले वादविवाद शिकत होती, त्या संस्थेचा देशातील सर्वांत मोठ्या वादावरचा निर्णय आधीच झालेला होता. बोलण्याची कला शिकवावी, पण काय बोलावे हेही आपणच ठरवावे, असा हा प्रकार होता.

अंजुमन-उल-फर्ज

युनियनइतकी प्रसिद्धी न मिळालेली, परंतु शैक्षणिकदृष्ट्या अधिक महत्त्वाची संस्था म्हणजे अंजुमन-उल-फर्ज. साहिबजादा आफताब अहमद खान यांनी विद्यार्थिदशेत, १८९० मध्ये ती सुरू केली. गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी जमवणे हा तिचा हेतू. सुट्टीत मुले गावोगावी जात, लोकांना कॉलेजची माहिती देत, गैरसमज दूर करत आणि वर्गणी गोळा करत. येथे टाळ्या मिळवणारे इंग्रजी उपयोगाचे नव्हते. इंग्रजी शिक्षणाबद्दल मनात संशय असलेल्या एखाद्या वृद्ध गृहस्थाला त्याच्याच बोलीत समजावून सांगावे लागे. नकार ऐकून घ्यावा लागे आणि मिळालेल्या पै-पैचा हिशेब द्यावा लागे. संवादकौशल्य म्हणून आज जे शिकवले जाते, त्याचा खरा सराव सभागृहापेक्षा या दारोदार फिरण्यात अधिक झाला, असे म्हणण्यास जागा आहे.

एटाव्याचे हायस्कूल

झाकिर हुसेन यांचे वडील फिदा हुसेन खान हे कायमगंजहून हैदराबादला येऊन स्थायिक झालेले वकील. १९०७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर कुटुंब कायमगंजला परतले आणि मुलांना एटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घालण्यात आले. मौलवी बशीरुद्दीन यांनी उभारलेली ही शाळा साध्या राहणीसाठी व कडक शिस्तीसाठी ओळखली जाई. मुख्याध्यापक सय्यद अल्ताफ हुसेन यांचा झाकिर हुसेन यांच्यावर खोल संस्कार झाला आणि पुढेही ते त्यांचे ऋण मानत राहिले.

१९११ मध्ये इटलीने त्रिपोलीवर हल्ला केला. १९१२ मध्ये बाल्कन युद्ध सुरू झाले. तुर्कस्तानच्या मदतीसाठी देशभर निधी गोळा होऊ लागला. त्या वेळी चौदा-पंधरा वर्षांचे झाकिर हुसेन रेल्वे स्टेशनवर जाऊन 'पायोनियर' हे इंग्रजी वृत्तपत्र आणत आणि त्यातील युद्धाच्या बातम्या इतर मुलांना समजावून सांगत. मशिदीत उभे राहून त्यांनी मदतीचे आवाहनही केले. याच काळात, १९११ मध्ये, प्लेगच्या साथीत त्यांच्या आईचे निधन झाले. पोरक्या झालेल्या या मुलाला शाळेने दोन गोष्टी दिल्या: बोलण्यासारखा विषय आणि ऐकणारी माणसे. परक्या भाषेतील मजकूर वाचायचा, त्याचा अर्थ लावायचा, तो सोप्या शब्दांत सांगायचा आणि त्यातून लोकांना कृतीकडे न्यायचे, हे सर्व टप्पे या एका उपक्रमात आले. स्पर्धेसाठी पाठ केलेल्या भाषणात यांपैकी एकही टप्पा नसतो.

१९२० : वक्तृत्वाची कसोटी

१९१३ मध्ये झाकिर हुसेन अलीगढला आले आणि पुढे युनियनमधील नामांकित वक्ते म्हणून ओळखले जाऊ लागले. तोवर कॉलेजचे वातावरण पालटत होते. १९०७ मध्ये विद्यार्थ्यांचा मोठा संप झाला होता. याच संस्थेत शाळेपासून शिकलेले मुहंमद अली आणि एकेकाळी कॉलेजच्या क्रिकेट संघाचे कर्णधार असलेले त्यांचे बंधू शौकत अली आता ब्रिटिश सत्तेविरुद्ध उभे होते. १२ ऑक्टोबर १९२० रोजी महात्मा गांधी व अलीबंधू अलीगढला आले आणि सरकारी अनुदान नाकारावे, असे आवाहन त्यांनी केले. विश्वस्तांनी ते मान्य केले नाही. ज्या मुलांना बोलायला शिकवले, त्यांतील काहींनी आता संस्थेलाच प्रश्न विचारला. झाकिर हुसेन त्या वेळी एम.ए.चे विद्यार्थी होते व अध्यापनही करत. त्यांनी नोकरी सोडली, दिल्लीला जाऊन हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी व मुहंमद अली यांची भेट घेतली आणि स्वतंत्र राष्ट्रीय संस्थेचा आग्रह धरला. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढच्या मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामियाची स्थापना झाली.

सभेत घेतलेला निर्णय पाळणे मात्र सभेत बोलण्याइतके सोपे नव्हते. १९२४ मध्ये खिलाफत संपुष्टात आली, आंदोलन ओसरले आणि जामियाचा निधी आटला. १९२५ मध्ये संस्था दिल्लीत करोलबागेत हलवावी लागली. १९२६ मध्ये जर्मनीहून डॉक्टरेट घेऊन परतलेल्या झाकिर हुसेन यांनी एकोणतिसाव्या वर्षी कुलगुरुपद स्वीकारले. १९२८ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी वीस वर्षे, दरमहा दीडशे रुपयांहून अधिक वेतन न घेता सेवा करण्याची प्रतिज्ञा केली. हे वेतनही अनेकदा पूर्ण मिळत नसे.

मुलांची हुकूमत

जामियाच्या शाळेत नेतृत्वाचे शिक्षण सभागृहातून निघून रोजच्या कामात आले. अब्दुल गफ्फार मुधोळी या शिक्षकाने पंजाबातील मोगा येथे प्रकल्पपद्धतीचे प्रशिक्षण घेतले आणि ती जामियात रुजवली. तेथे मुलांची बँक होती, मुलांचे दुकान होते आणि 'बच्चों की हुकूमत' या नावाने मुलांचे स्वतःचे शासन होते. निवडून आलेल्या मुलांकडे शाळेतील कामांची जबाबदारी असे आणि ती नीट पार न पडल्यास त्यांना आपल्या सोबत्यांपुढे उत्तर द्यावे लागे. बँकेचा हिशेब जुळला नाही, तर कितीही रसाळ भाषण केले तरी तो जुळत नाही, हा धडा मुलाला दहाव्या-बाराव्या वर्षीच मिळे. 'पयाम-ए-तालीम' हे मुलांचे मासिक निघे. शिक्षणाचे माध्यम उर्दू असल्याने बोलण्याची संधी केवळ इंग्रजी येणाऱ्या मुलापुरती उरली नाही.

१ मार्च १९३५ रोजी ओखला येथे जामियाच्या नव्या इमारतीची कोनशिला बसवायची होती. अशा प्रसंगी नवाब, मंत्री किंवा गव्हर्नर यांना पाचारण करण्याची तेव्हाची रीत. जामियाने हा मान शाळेतील सर्वांत लहान मुलाला दिला. अलीगढची कोनशिला व्हाइसरॉयच्या हस्ते आणि जामियाची एका बालकाच्या हस्ते, या दोन प्रसंगांत अठ्ठावन्न वर्षांतला वैचारिक प्रवास दिसून येतो.

या प्रयोगाचा महाराष्ट्राशी संबंध आला तो वर्ध्यात. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली तेथे शिक्षण परिषद झाली आणि अभ्यासक्रम आखण्यासाठी झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे, काका कालेलकर आदी तिचे सदस्य होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात समितीने अहवाल दिला. सात वर्षांचे शिक्षण, मातृभाषा हे माध्यम, हस्तव्यवसाय हा केंद्रबिंदू आणि सहकार्यातून नागरिकत्वाची घडण ही त्याची सूत्रे होती. मुस्लिम लीगने या योजनेला विरोध केला आणि झाकिर हुसेन यांना स्वसमाजातूनच टीका सोसावी लागली. पुढारीपणाची ही बाजूही शिक्षकांनी विसरू नये. आपल्याच माणसांच्या नाराजीत शांतपणे काम करत राहणे, हे कोणत्याही वक्तृत्वस्पर्धेत तपासले जात नाही.

नोव्हेंबर १९४६ मध्ये जामियाचा रौप्यमहोत्सव झाला. देशात दंगली पेटल्या होत्या. पंडित नेहरू, मौलाना आझाद, बॅरिस्टर जीना व लियाकत अली खान हे एकाच व्यासपीठावर होते. त्यांच्यासमोर झाकिर हुसेन यांनी ही आग विझवण्याची कळकळीची विनंती केली. ते भाषण आजही स्मरले जाते. त्यात अलीगढच्या युनियनमधील सफाई होतीच, पण शब्दांना वजन आले होते ते त्यामागच्या वीस वर्षांच्या अल्पवेतनी सेवेमुळे.

निष्कर्ष

या इतिहासातून मुली जवळजवळ वगळल्या गेल्या, हे नमूद करणे आवश्यक आहे. शेख अब्दुल्ला व वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये अलीगढला मुलींची शाळा काढली, तेव्हा युनियनला बावीस वर्षे झाली होती. समाजाच्या निम्म्या भागाला बोलण्याचे शिक्षण इतके उशिरा मिळाल्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली आहे.

दुसरी बाब भाषेची. बेळगाव, हैदराबाद, गोवा किंवा इंदूरकडील मुस्लिम मुलाची घरची बोली एक, शाळेचे माध्यम दुसरे आणि उच्च शिक्षणाची भाषा तिसरी, असे अनेकदा घडते. अशा मुलाचे मौन हे अज्ञान समजले जाते. वास्तविक एटाव्याच्या शाळकरी मुलाने एका भाषेतले वाचून दुसरीत सांगण्याचे जे काम केले, ते या बहुभाषिक मुलांना सहज जमण्यासारखे आहे.

आपल्या शाळांत १५ ऑगस्ट व २६ जानेवारीला भाषणे होतात. बहुधा ती शिक्षकाने लिहिलेली आणि विद्यार्थ्याने पाठ केलेली असतात. अशा भाषणाने आवाज सुटतो, भीड मोडते, हे खरे. परंतु अलीगढच्या युनियनने विरोधी मत ऐकण्याची सवय दिली, अंजुमन-उल-फर्जने लोकांच्या दारात नेले, एटाव्याने बोलण्याला कारण दिले आणि जामियाने बोलण्यामागे जबाबदारी ठेवली. या चारही गोष्टींना खर्च फारसा लागत नाही. लागतो तो मुलांवर विश्वास टाकण्याचा आणि प्रसंगी त्यांचे प्रश्न स्वतः ऐकून घेण्याचा शिक्षकांचा मोठेपणा. १९२० मध्ये अलीगढच्या विश्वस्तांना तो दाखवता आला नाही.