दुसऱ्या ऑपरेशनआधीचा नकाशा

सुट्टीत वडशाला आले की कोणीतरी विचारतंच, "तुझी पीएचडी नेमकी कशावर?" थायरॉइड कॅन्सरच्या तपासण्यांच्या इतिहासावर, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "गाठ तर काढली ना? मग पुन्हा एवढे फोटो कशाला?" आज त्याचंच उत्तर.

थायरॉइड काढल्यावर काही वर्षांनी रक्तात थायरोग्लोब्युलिन वाढू लागलं, तर कॅन्सर परतल्याचा संशय येतो. पण तो कुठे आहे, हे रक्त सांगत नाही. मान पुन्हा उघडावी, तर आत जुन्या ऑपरेशनमुळे सगळं एकमेकांना चिकटलेलं. त्यातच आवाजाची नस आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या इवल्याशा ग्रंथी. अंदाजाने शोधत गेलं तर आवाज बसू शकतो. म्हणून आधी नकाशा हवा.

पहिला नकाशा आयोडीनने दिला. थायरॉइडच्या पेशी आयोडीन ओढून घेतात. ते किरणोत्सारी असेल तर बाहेरून टिपता येतं. हे आयोडीन-१३१ अमेरिकेत लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांनी १९३८ साली शोधलं. ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणजे साठवून ठेवायची सोय नाही. आता १९५६ साली तुर्भ्यात सुरू झालेली अप्सरा अणुभट्टी आणि १९६३ साली परळला उभं राहिलेलं रेडिएशन मेडिसिन सेंटर, या दोन तारखा शेजारी ठेवून बघा. अणुभट्टी आणि दवाखाना एकाच शहरात असण्याचं मोल कळेल.

पण परतलेल्या कॅन्सरच्या काही पेशी आयोडीन घेणंच सोडतात. रक्तातला आकडा चढतो, स्कॅन मात्र कोरा! अशा पेशी बऱ्याचदा साखर जास्त ओढतात. पेट स्कॅन तेच पकडतो. देशातला पहिला पेट स्कॅनर २००२ साली याच परळच्या केंद्रात आला.

मग जुनं बाद झालं का? नाही. मानेतल्या गाठींसाठी आजही आधी सोनोग्राफी, संशय आला तर सुईची तपासणी. श्वासनलिकेमागे किंवा छातीकडे उतरलेल्या गाठींसाठी सीटी. त्यातल्या रंगद्रव्यात आयोडीन असतं, म्हणून नंतरचा किरणोत्सारी डोस काही आठवडे लांबवावा लागतो. तेव्हा क्रम डॉक्टरांनी आधीच ठरवलेला बरा.

प्रत्येक फोटो वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. म्हणून वडशाहून तपासणीला निघताना पहिल्या ऑपरेशनचे कागद आणि जुने रिपोर्ट पिशवीत घ्याच. नवा नकाशा जुन्याशेजारी ठेवूनच वाचतात.