घाडगे, यशवंत : माणगाव येथील स्मारक

मुंबई–गोवा महामार्गावरील माणगाव (जि. रायगड, पूर्वीचा कुलाबा) या तालुक्याच्या गावी तहसील कचेरीच्या आवारात असलेला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा. दुसऱ्या महायुद्धातील पराक्रमाबद्दल मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळविणारे घाडगे हे याच तालुक्याचे सुपुत्र. जन्म १६ नोव्हेंबर १९२१. नाईक हा हुद्दा बिनसनदी खरा. तथापि रणांगणावर छोट्या तुकडीच्या जिवाची जोखीम प्रत्यक्ष वाहतो तो नाईकच.

१० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील एक कंपनी शत्रूच्या बळकट ठाण्यावर चाल करून गेली असता, घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशिनगनचा भडिमार झाला आणि त्यांच्याखेरीज तुकडीतील एकूण एक शिपाई ठार अथवा जायबंदी झाला. आपल्यासोबत येण्यास आता कोणीही उरलेले नाही, हे पुरते जाणून त्यांनी एकट्याने त्या मोर्च्यावर झेप घेतली. प्रथम हातगोळा फेकून मशिनगन व ती चालविणारा या दोहोंचा निकाल लावला, मग टॉमी गनने आणखी एकास टिपले, आणि मॅगझिन बदलण्याइतकीही फुरसत नाही असे दिसताच तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना प्रहारांनी ठार केले. इतक्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत व पाठीत लागल्या आणि जिंकलेल्या मोर्च्यातच त्यांचा अंत झाला. वय अवघे २२.

व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाल्याचे २ नोव्हेंबर १९४४ च्या लंडन गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाले व तो त्यांच्या पत्नीच्या स्वाधीन करण्यात आला. इटलीच्या मोहिमेत हिंदी सैनिकांना मिळालेल्या सहा व्हिक्टोरिया क्रॉसांपैकी दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे. दुसरा पहिल्या पलटणीतील शिपाई नामदेव जाधव यांचा.

परकीय सत्तेच्या निशाणाखाली लढलेल्या शिपायाचे स्मारक स्वतंत्र देशाने का जतन करावे, अशी शंका कधी कधी घेतली जाते. परंतु ज्या शत्रूशी हे सैनिक झुंजले तो मानवजातीचाच वैरी होता, आणि सवंगडी पडल्यावर एकट्याने पुढे धावण्याचा तो निर्धार कोणत्याही सरकारच्या फर्मानाने उत्पन्न होणारा नव्हता. घाडगे यांची ज्ञात कबर नाही; कबर अज्ञात असलेल्या सुमारे ४,००० राष्ट्रकुल सैनिकांसमवेत त्यांचे नाव कॅसिनो येथील स्मारकावर कोरलेले आहे. म्हणूनच माणगावच्या पुतळ्यास केवळ शोभेची वस्तू मानणे अनुचित ठरेल. आपल्या मुलखात त्यांना पुष्प वाहण्याचे ते स्थान आहे. सातबारा, दाखले व फेरफार यांच्या कामासाठी तालुक्यातील रयत जेथे नित्य येते, त्या कचेरीचे आवार याकरिता निवडले जावे, हे सर्वथा योग्य होय.

इटलीतील माँतोने या गावी जुलै २०२३ मध्ये घाडगे यांच्या नावाने सूर्यघडीच्या स्वरूपातील स्मारकाचे उद्घाटन झाले. श्रीवर्धन–हरिहरेश्वराकडे जाणाऱ्या प्रवाशाने माणगावास क्षणभर थांबून येथील पुतळ्याचे दर्शन अवश्य घ्यावे.