सहा दिवसांचा मोगली

परवा माझा भाचा मोबाईलवर कार्टून पाहत होता. एक संपलं की दुसरं आपोआप सुरू. मी म्हटलं, "आमचा मोगली आठवड्यातून एकदाच यायचा, रविवारी सकाळी." त्यानं विचारलं, "मामा, मग बाकीचे सहा दिवस तुम्ही काय पाहायचात?"

त्याचं उत्तर द्यायचं तर थोडं मागं जावं लागेल. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. मराठवाड्यातल्या गावांना मात्र बरीच वर्षं वाट पाहावी लागली. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला, आणि मग देशभर लहान शहरांत कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. तरीही परभणीत आमच्या गल्लीत टीव्ही दोन-तीनच. एकानं माळवदावर चढून अँटेना फिरवायचा, दुसऱ्यानं खालून ओरडायचं, "आलं, आलं... गेलं!" पडद्यावर नुसत्या मुंग्या.

१९९३ मध्ये मोगली आला. मालिका १९८९ सालची, जपानी. मूळ गोष्टी किपलिंगच्या, १८९४ च्या. त्यातली वैनगंगा मात्र आपली. तिचं पाणी पुढं प्राणहितेतून त्याच गोदावरीला मिळतं, जी आपल्या गंगाखेडवरून वाहत जाते. हिंदी गाणं गुलजारांचं, आणि शेरखानाचा आवाज नाना पाटेकरांचा. हिंदी आम्हाला परकी नव्हती. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या गावात ती गल्लीतच कानावर पडायची. मराठीत मुलांसाठी पुण्याची 'बालचित्रवाणी' होती. १९८४ मध्ये सुरू झालेली ही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. पण तिचा भर शिक्षणावर. गोष्टीतला वाघ मराठी बोललाच नाही.

आता भाच्याचं उत्तर. बाकीचे सहा दिवस आम्ही मोगली खेळायचो. शाळा सुटली की दप्तर फेकायचं आणि लिंबाखाली जंगल मांडायचं. आमच्यात शेरखान एकच, शेजारच्या वाड्यातला एक पोरगा. त्याच्याइतका घोगरा, दरारा बसवणारा आवाज कुणालाच जमत नसे.

पुढं १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क भारतात आलं, गल्लीत केबलची वायर आली. शाळा सुटल्यावर रोजच कार्टून दिसू लागलं आणि लिंबाखालचं जंगल उठलं.

खूप वर्षांनी तो मित्र भेटला. मी विचारलं, "तुला तो आवाज कसा काय जमायचा रे?" तो हसला. म्हणाला, "अरे, तुमच्या घरचे गर्दी झाली की दार लोटून घ्यायचे. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो. शेरखान मी पाहिलाच कुठं होता?"

बालपणीच्या टीव्हीच्या आठवणी आपण फार कौतुकानं सांगतो. मीही आतापर्यंत सांगत होतो. पण त्या आठवणीत मी दाराच्या आत होतो. भाच्याला आता हेही सांगायचं आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)